दोषसिद्धीनंतर परवान्याचे भवितव्य : कॅलिफोर्नियातील रिअल इस्टेट सेल्सपर्सनसाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने घर, जमीन किंवा व्यापारी जागा यांच्या खरेदी-विक्रीचा अथवा भाड्याचा व्यवहार करणाऱ्या व्यक्तीला राज्याच्या रिअल इस्टेट विभागाचा परवाना घ्यावा लागतो. या परवान्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ब्रोकर स्वतःच्या नावाने व्यवसाय करू शकतो, तर सेल्सपर्सन म्हणजे विक्री प्रतिनिधी, ज्याला कोणत्या ना कोणत्या ब्रोकरच्या हाताखाली, त्याच्या देखरेखीखालीच काम करता येते आणि ज्याचा मोबदलाही त्या ब्रोकरमार्फतच मिळतो. परवान्याची मुदत चार वर्षांची असते. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील अनेक जण या व्यवसायात आहेत. त्यांच्यापैकी कोणावर फौजदारी खटल्यात दोषी ठरण्याची वेळ आली, तर परवान्याचे काय होते आणि परवानाधारकाने कोणत्या टप्प्यावर काय करावे, याची माहिती मराठीत एकत्र मिळणे गरजेचे आहे.

सर्वप्रथम एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. फौजदारी न्यायालयाचे काम गुन्हेगाराला शिक्षा करण्याचे असते, तर रिअल इस्टेट विभागाची शिस्तभंगाची कारवाई शिक्षा म्हणून नव्हे, तर ग्राहकांच्या संरक्षणासाठी केली जाते, असे कायदा मानतो. त्यामुळे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होत असल्याची तक्रार या कार्यवाहीत टिकत नाही आणि दंड भरला, प्रोबेशन म्हणजे न्यायालयाच्या अटींखालील देखरेखीची मुदत पुरी झाली, एवढ्याने परवान्याचा प्रश्न मिटत नाही. विभाग परवानाधारकाकडे पाहताना पुढचा ग्राहक या माणसाच्या हाती घराची किल्ली, ठेवीचा धनादेश आणि आपली आर्थिक माहिती निर्धास्तपणे देऊ शकेल काय, हा प्रश्न विचारतो. ज्यांनी हा प्रश्न सुरुवातीलाच ओळखला त्यांचा बचाव बहुधा सुसंगत होतो. ज्यांनी तो ओळखला नाही ते शेवटपर्यंत जुन्या खटल्याचीच बाजू मांडत राहतात, आणि ती बाजू ऐकून घेण्याचे ते ठिकाणच नसते.

परवान्याचे भवितव्य बऱ्याच अंशी फौजदारी न्यायालयातच, तेही आरोपी परवान्याचा विचारही करत नसतो अशा क्षणी ठरते. अमेरिकेत बहुसंख्य फौजदारी प्रकरणे साक्षीपुराव्यापर्यंत जात नाहीत, ती सरकारी वकिलाशी तडजोड होऊन आरोपीच्या कबुलीवर निकाली निघतात. अशा वेळी ‘नो कॉन्टेस्ट’ हा पर्याय सौम्य वाटतो. या पर्यायात आरोपी गुन्हा स्पष्ट शब्दांत कबूल करत नाही, पण आरोपाला विरोधही करत नाही. परवान्याच्या कायद्याला मात्र हा फरक मान्य नाही. व्यवसाय व व्यावसायिक संहितेच्या कलम 10177 मधील पोटकलम (बी) नुसार गुन्ह्याची कबुली, नो कॉन्टेस्टचे निवेदन आणि सुनावणीनंतर दोषी ठरणे या तिन्ही गोष्टी कारवाईला सारख्याच पुरतात. ‘आर्नेसन विरुद्ध फॉक्स’ या 1980 च्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका ब्रोकरच्या संदर्भात हे स्पष्ट केले की, नो कॉन्टेस्टवर आधारलेली दोषसिद्धी परवान्याच्या कार्यवाहीत विचारात घेता येते आणि त्या दोषसिद्धीच्या मुळाशी जाऊन ‘गुन्हा घडलाच नव्हता’ असे तेथे नव्याने सिद्ध करता येत नाही. म्हणून तडजोडीवर सही करण्यापूर्वी फौजदारी वकिलाबरोबरच परवान्यांची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. कोणत्या कलमाखाली कबुली दिली जाते, कबुलीसोबत वस्तुस्थितीचे कोणते कथन नोंदवले जाते आणि फसवणूक वा अफरातफर असे शब्द त्यात येतात की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही त्यांच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. कबुलीमुळे हद्दपारीची शक्यता असल्यास तसा सल्ला देणे बचाव पक्षाच्या वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ‘पडिया विरुद्ध केंटकी’ या निकालात ठरवले. व्यावसायिक परवान्याविषयी तसे बंधन त्या निकालाने घातलेले नाही, त्यामुळे परवान्याचा प्रश्न अशिलाने स्वतः होऊन विचारावा लागतो.

दुसरा टप्पा खबर देण्याचा आहे आणि तेथे होणारी चूक सर्वांत सहज टाळता येण्याजोगी असते. कलम 10186.2 अन्वये परवानाधारकाने तीन प्रकारच्या घटना विभागाला 30 दिवसांच्या आत लेखी कळवल्या पाहिजेत : फेलनी म्हणजे गंभीर स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर औपचारिक आरोप दाखल होणे, कोणत्याही फेलनीत किंवा मिसडिमिनर म्हणजे तुलनेने कमी गंभीर गुन्ह्यात दोषसिद्धी होणे आणि दुसऱ्या एखाद्या परवाना देणाऱ्या संस्थेने त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे. यासाठी विभागाचा ‘आरई 238’ हा ठरावीक नमुना आहे. अनेकांचा समज असा असतो की दारू पिऊन गाडी चालवण्यासारख्या, घरविक्रीशी काहीही संबंध नसलेल्या मिसडिमिनरची खबर द्यावी लागत नाही. हा समज चुकीचा आहे, कारण खबर देण्याचे कर्तव्य व्यवसायाशी असलेल्या संबंधावर अवलंबून नाही. तो संबंध आहे की नाही हे नंतर विभाग आणि न्यायाधीश ठरवतात. परवान्यासाठी अर्ज करतेवेळी घेतलेले बोटांचे ठसे राज्याच्या न्याय विभागाकडे राहतात आणि नंतरच्या अटकेची सूचना त्या मार्गाने रिअल इस्टेट विभागाकडे पोहोचते, त्यामुळे मौन बाळगून काही साधत नाही. उलट खबर न देणे हेच शिस्तभंगाचे स्वतंत्र कारण ठरते. मूळ गुन्हा किरकोळ असताना ती लपवाछपवीच त्याच्यापेक्षा जड ठरावी, ही स्थिती खेदाची असली तरी तर्काला धरून आहे. ग्राहकापासून घराचा दोष लपवणे आणि विभागापासून स्वतःची दोषसिद्धी लपवणे या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावाच्या खुणा म्हणून वाचल्या जातात.

आता मुख्य कायदेशीर कसोटीकडे वळता येईल. प्रत्येक दोषसिद्धी परवाना काढून घेण्यास पुरेशी नसते. गुन्ह्याचा परवानाधारकाच्या पात्रतेशी, कार्याशी किंवा कर्तव्याशी सारभूत संबंध असला पाहिजे, म्हणजे तो गुन्हा करणारी व्यक्ती हे विशिष्ट काम करण्यास कितपत योग्य आहे यावर त्या गुन्ह्यातून खरोखर प्रकाश पडला पाहिजे. रिअल इस्टेट आयुक्तांच्या, म्हणजे विभागाच्या प्रमुखांच्या, नियमावलीतील नियम 2910 मध्ये या संबंधाचे निकष दिले आहेत. दुसऱ्याचा पैसा वा मालमत्ता कपटाने घेणे किंवा ठेवून घेणे, बनावट दस्तऐवज करणे, लाचलुचपत किंवा खोटेपणाने हेतू साधणे, कर बुडवून आर्थिक लाभ मिळवण्याचा प्रयत्न करणे, न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून न पाळणे, स्वतःच्या आर्थिक लाभासाठी किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करण्याच्या हेतूने बेकायदा कृत्य करणे, हे निकष कोणालाही सहज पटतील. पण कायदा वारंवार व जाणीवपूर्वक धुडकावण्याची सवय दिसणे हाही त्यातील एक निकष आहे, तसेच मद्य वा अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित दोन किंवा अधिक दोषसिद्धी असून त्यांपैकी किमान एक वाहन चालवण्याशी संबंधित असणे, हाही आहे. म्हणून मद्यपान करून गाडी चालवण्याच्या पहिल्या प्रकरणानंतर सावध न झालेला माणूस दुसऱ्या प्रकरणात आपला परवानाही पणाला लावतो.

या कसोटीची व्याप्ती न्यायालयांनी प्रकरणागणिक आखली आहे. 1979 मधील दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर तिची धार कळते. ‘गोल्डे विरुद्ध फॉक्स’ या प्रकरणात विक्रीसाठी गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या ब्रोकरचा परवाना रद्द करणे न्यायालयाने योग्य ठरवले, कारण पैशासाठी कायदा मोडण्याची तयारी ही विश्वासाच्या व्यवसायात अप्रासंगिक मानता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ‘ब्रँड्ट विरुद्ध फॉक्स’ मध्ये मात्र कोकेनशी संबंधित दोषसिद्धी असलेल्या परवाना-इच्छुकाच्या बाजूने निकाल गेला, कारण त्याच्या कृत्याची प्रत्यक्ष परिस्थिती पाहता सारभूत संबंध प्रस्थापित होत नव्हता. पुढे 2005 मध्ये ‘डोनाल्डसन विरुद्ध रिअल इस्टेट विभाग’ या प्रकरणात अपील न्यायालयाने लैंगिक स्वरूपाच्या एका गुन्ह्याबाबत विभागाचा निर्णय फिरवला. कृत्य निंद्य आहे एवढ्यावरून ते या व्यवसायाशी सारभूतपणे संबंधित ठरत नाही, ही भूमिका त्यामागे होती. या निकालांवरून सेल्सपर्सनने घ्यायचा धडा असा की गुन्ह्याच्या नावापेक्षा त्याची परिस्थिती अधिक बोलते. लाभाचा हेतू होता काय, कोणाचा विश्वास वापरला गेला काय, घटना एकटी होती की मालिकेतील एक होती, हे दाखवणारी कागदपत्रे पोलिसांच्या अहवालापासून शिक्षेच्या आदेशापर्यंत जपून ठेवावीत आणि सारभूत संबंधाच्या मुद्द्यावर लढण्याची संधी सहजासहजी सोडू नये.

विभागाने कारवाई करण्याचे ठरवले तर तो परवानाधारकावर ‘अ‍ॅक्युझेशन’ म्हणजे लेखी दोषारोपपत्र बजावतो. त्यासोबत बचावाच्या सूचनेचा नमुना येतो आणि दोषारोपपत्र बजावल्यापासून 15 दिवसांच्या आत ती सूचना भरून पाठवावी लागते. ही मुदत चुकली तर सुनावणीचा हक्क सोडून दिल्याचे मानले जाते आणि विभागाला एकतर्फी निर्णय घेता येतो. येथे एक साधी पण अनेकांना भोवणारी बाब सांगितली पाहिजे. हे टपाल विभागाच्या नोंदीतील पत्त्यावर येते आणि घर बदलल्यावर तो पत्ता न बदलणाऱ्याला आपल्यावर कार्यवाही सुरू झाल्याचे कळेपर्यंत परवाना गेलेला असतो. बचावाच्या सूचनेत आपली संपूर्ण बाजू मांडण्याची गरज नसते. सुनावणी हवी असल्याचे त्यातून कळवले म्हणजे पुरेसे होते. त्यानंतर विभागाकडे असलेली कागदपत्रे व साक्षीदारांची नावे मागण्याचा हक्क मिळतो, तोही मुदतीत वापरावा.

सुनावणी विभागाच्या अधिकाऱ्यासमोर होत नाही, ती राज्याच्या प्रशासकीय सुनावणी कार्यालयाच्या न्यायाधीशासमोर होते. परवाना काढून घेण्यासाठी विभागाने आपला आरोप स्पष्ट व खात्रीशीर पुराव्याने सिद्ध करावा लागतो. ही पातळी सामान्य दिवाणी दाव्यापेक्षा वरची, पण फौजदारी खटल्यापेक्षा खालची असते. दोषसिद्धीच्या प्रकरणात न्यायालयाच्या नोंदीची प्रमाणित प्रत सादर केली की विभागाचे बरेचसे ओझे उतरते आणि माणूस सुधारला आहे हे दाखवण्याची जबाबदारी परवानाधारकावर येते. न्यायाधीश प्रस्तावित निर्णय लिहितात, तो आयुक्त स्वीकारू शकतात, सौम्य करू शकतात किंवा नाकारून नोंदीच्या आधारे स्वतः निर्णय देऊ शकतात.

सुधारणेचा हा पुरावा म्हणजे संपूर्ण प्रकरणाचा गाभा होय आणि परवानाधारकाचे सर्वाधिक लक्ष येथेच लागले पाहिजे. नियम 2912 मध्ये त्याचे निकष सविस्तर दिलेले आहेत. शेवटच्या दोषसिद्धीपासून किमान दोन वर्षे उलटलेली असणे, नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई दिलेली असणे, प्रोबेशन यशस्वीपणे संपलेले असणे, दंड भरलेला असणे, व्यसनाचा संबंध असल्यास किमान दोन वर्षे त्यापासून दूर राहिलेले असणे, व्यवसायाची चुकीची पद्धत सुधारलेली असणे, स्थिर कौटुंबिक जीवन, शिक्षण वा प्रशिक्षण, समाजोपयोगी कामात मनापासून सहभाग, ज्या संगतीत गुन्हा घडला तिच्याऐवजी नवे संबंध, आणि वृत्तीत झालेला बदल, अशी ही यादी आहे. यांतील बहुतेक गोष्टी सुनावणीची तारीख जवळ आल्यावर उभ्या करता येत नाहीत. दोन वर्षांचा काळ कोणताही वकील मागाहून मिळवून देऊ शकत नाही आणि सुनावणीच्या आदल्या महिन्यात सुरू झालेली समाजसेवा अनुभवी न्यायाधीशाला ओळखू येते. म्हणून दोषसिद्धीच्या दिवसापासूनच भरपाईचा प्रत्येक हप्ता, प्रत्येक वर्गाचे प्रमाणपत्र, समुपदेशकाचे पत्र आणि दंडाच्या पावत्या तारीखवार लावून ठेवाव्यात. शिफारसपत्रे मागताना एक पथ्य पाळावे. पत्र देणाऱ्याला गुन्ह्याची पूर्ण माहिती असावी आणि ती त्याने पत्रात नमूद करावी, कारण गुन्हा ठाऊक नसलेल्या माणसाने केलेली स्तुती पुरावा म्हणून हलकी ठरते. महाराष्ट्र मंडळातील पदाधिकारी, मंदिराचे विश्वस्त किंवा शेजारी यांच्याकडून पत्र घेताना संकोचापोटी खरे कारण न सांगण्याचा मोह होतो. तो मोह आवरणे अवघड असले तरी आवरलाच पाहिजे.

वृत्तीतील बदल हा निकष सर्वांत निर्णायक आणि सर्वांत नाजूक असतो. परवानाधारक साक्षीत आपली जबाबदारी कशी मांडतो, हे न्यायाधीश बारकाईने पाहतात. आधीच्या वकिलाने चुकीचा सल्ला दिला, पोलिसांनी अडकवले, सारे गैरसमजातून घडले, अशी मांडणी करणाऱ्याने आर्नेसनच्या निकालाची भिंत विसरलेली असते. दोषसिद्धी निर्णायक मानली जात असल्याने त्या भिंतीवर आपटून हाती काही लागत नाही आणि पश्चात्तापाचा अभाव तेवढा नोंदीत राहतो. घडले ते काय होते, त्यातून कोणाचे काय नुकसान झाले आणि तसे पुन्हा घडू नये म्हणून काय बदलले, हे सरळ शब्दांत सांगणे केवळ नैतिकदृष्ट्या योग्य नाही, तर बचावाच्या दृष्टीनेही तोच सर्वांत भक्कम मार्ग आहे.

एका प्रचलित गैरसमजाचे निराकरण येथे आवश्यक आहे. दंड संहितेच्या कलम 1203.4 खाली प्रोबेशन संपल्यावर न्यायालय प्रकरण निकालात काढणारा आदेश देऊ शकते, ज्याला बोलीभाषेत दोषसिद्धी पुसून टाकणे म्हणतात. हा आदेश सुधारणेचा चांगला पुरावा असतो, पण विद्यमान परवानाधारकावरील कारवाई तो थांबवत नाही, हे कलम 10177 मध्येच स्पष्ट लिहिलेले आहे. परवान्यासाठी नव्याने अर्ज करणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. 1 जुलै 2020 पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार त्यांच्या बाबतीत सामान्यतः सात वर्षांपेक्षा जुन्या दोषसिद्धीचा आधार घेता येत नाही, मात्र गंभीर गुन्ह्यांचे अपवाद त्यात आहेत. अर्जदारांना मिळालेली ही सवलत आपल्यालाही आहे असे मानून अनेक परवानाधारक निश्चिंत राहतात आणि ती निश्चिंती महाग पडते.

कार्यवाहीचा शेवट परवाना रद्द होण्यातच होतो असे नाही. निलंबन, जाहीर ठपका, परस्परसंमत तडजोड आणि स्वतःहून परवाना परत करणे हेही मार्ग आहेत. आणि सुधारणेचा पुरावा चांगला असेल तेथे मूळ परवाना रद्द करून सशर्त परवाना देण्याचा मार्ग वापरला जातो. सशर्त परवान्यावर काम करणाऱ्या सेल्सपर्सनच्या ब्रोकरला बहुधा लेखी द्यावे लागते की त्याने आयुक्तांचा निर्णय वाचला आहे आणि तो या व्यक्तीच्या कामावर बारीक देखरेख ठेवील. या परवान्याच्या नूतनीकरणाचा हक्क नसतो आणि अट मोडल्यास अंतिम सुनावणीपूर्वीच आयुक्त तो निलंबित करू शकतात. असे असूनही तडजोडीत सशर्त परवाना मिळत असेल तर तो कमीपणाचा न मानता स्वीकारावा, कारण व्यवसायात टिकून राहून विश्वास परत मिळवण्याचा तोच व्यवहार्य मार्ग असतो. विभागाने केलेल्या तपासाचा व कार्यवाहीचा वाजवी खर्च परवानाधारकाकडून वसूल करण्याची तरतूदही कलम 10106 मध्ये आहे, हे तडजोडीच्या बोलणीत लक्षात ठेवावे. फेलनीच्या दोषसिद्धीनंतर प्रत्यक्ष तुरुंगवास सुरू असेपर्यंत परवाना आपोआप निलंबित राहतो, त्यासाठी वेगळ्या सुनावणीची वाट पाहिली जात नाही.

नोकरी देणाऱ्या ब्रोकरचे कर्तव्यही थोडक्यात सांगितले पाहिजे. सेल्सपर्सनच्या गैरकृत्याची ब्रोकरला जाणीव नसेल तर केवळ त्या कृत्यावरून ब्रोकरचा परवाना जात नाही, परंतु देखरेखीतील हलगर्जी हा स्वतंत्र दोष आहे. परवाना कायद्याच्या उल्लंघनावरून सेल्सपर्सनला कामावरून काढले असेल तर वस्तुस्थितीचे प्रमाणित निवेदन ब्रोकरने आयुक्तांकडे ताबडतोब दाखल करायचे असते. नात्यागोत्यातला किंवा ओळखीचा माणूस आहे म्हणून हे निवेदन टाळून ब्रोकरने स्वतःच्या परवान्याला धोका ओढवून घेऊ नये.

ज्या ग्राहकाचे परवानाधारकाच्या फसवणुकीमुळे नुकसान झाले आहे त्याच्यासाठी ग्राहक भरपाई निधी आहे. अंतिम न्यायालयीन आदेश हाती असून दोषी व्यक्तीकडून वसुली होत नसेल, तर या निधीतून एका व्यवहारापोटी 50,000 डॉलर आणि एका परवानाधारकापोटी एकूण 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते. अशी रक्कम दिली गेली की त्या परवानाधारकाचा परवाना आपोआप निलंबित होतो आणि व्याजासह परतफेड होईपर्यंत पूर्ववत होत नाही. घर घेणाऱ्याने व्यवहारापूर्वी विभागाच्या संकेतस्थळावर एजंटचा परवाना व त्यावरील शिस्तभंगाच्या नोंदी पाहाव्यात.

महाराष्ट्रात मालमत्ता असणाऱ्यांनी दोन्हीकडच्या व्यवस्थांची गल्लत करू नये. भारतात 2016 च्या स्थावर संपदा कायद्याखाली एजंटला नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्रात ती महारेरा म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे होते. त्या कायद्याच्या कलम 9 अन्वये अटींचा भंग झाल्यास किंवा नोंदणी फसवणुकीने मिळवलेली असल्यास म्हणणे मांडण्याची संधी देऊन ती रद्द वा निलंबित करता येते, पण फौजदारी दोषसिद्धी, तिची 30 दिवसांत खबर आणि सारभूत संबंधाची कसोटी अशी कॅलिफोर्नियासारखी सविस्तर रचना त्या कलमात नाही.

कॅलिफोर्नियात आयुक्तांचा निर्णय विरोधात गेला तर तो सामान्यतः 30 दिवसांनी लागू होतो आणि फेरविचाराचा अर्ज त्या आतच करावा लागतो. त्यानंतर वरिष्ठ न्यायालयात प्रशासकीय निर्णयाविरुद्ध याचिका दाखल करता येते. तिची मुदतही फेरविचाराची मुदत संपल्यापासून 30 दिवसांचीच आहे. हे मार्ग संपले तरी दार कायमचे बंद होत नाही. निर्णय लागू झाल्यापासून किमान एक वर्ष उलटल्यावर परवाना परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाच्या वेळी आपण पात्र झालो आहोत हे सिद्ध करण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची असते. म्हणून परवाना गेल्यानंतरच्या वर्षातही भरपाईचे हप्ते चुकवू नयेत आणि पावत्यांची फाइल बंद करू नये.